मैदानावर उस्ताद आहे, मग टेबलावर का नाही?

माननीय संचालक,
सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी,
हैदराबाद.



मी सोलापूर जिल्ह्यातली एक निवृत्त सहायक फौजदार. १९८७ साली महिला शिपाई म्हणून भरती झाले आणि २०२२ साली वर्दी उतरवली. या ३५ वर्षांतली निम्म्याहून जास्त वर्षं तालुक्याच्या ठाण्यांत ठाणे अंमलदाराच्या टेबलाला गेली. आधी मदतनीस म्हणून, हवालदार झाल्यावर स्वतः अंमलदार म्हणून. तुमची अकादमी मी पाहिलेली नाही. पण तिथून बाहेर पडलेले चार तरुण अधिकारी वेगवेगळ्या वर्षी जिल्हा प्रशिक्षणासाठी आमच्याकडे आले. त्यांनी माझ्या शेजारी खुर्ची टाकली, रात्रीच्या निवांत वेळी ते बोलत राहिले, आणि त्यांच्या बोलण्यातून शिवरामपल्लीचं तुमचं मैदान माझ्या चांगलंच ओळखीचं झालं. त्या ओळखीच्या भरवशावर हे लिहिते आहे.

पहाटे अंधारात शिट्टी, पीटी, मग कवायत, मग घोडे. आंघोळ करून धावत वर्गात. दुपारी कायदा, संध्याकाळी पोहणं नाहीतर खेळ. बुटाने टाच सोललेली असली तरी लांब पल्ल्याची दौड चुकत नाही. एक मॅडम सांगायच्या, दुपारच्या तासाला पंखा सुरू झाला की पापण्या जड व्हायच्या, आणि नेमके त्याच वेळी न्यायवैद्यकाचे डॉक्टर गळफास आणि गळा आवळणं यांच्या खुणांतला फरक शिकवत असायचे. फासाचा वळ तिरका, कानामागे वर चढत जाणारा. आवळलेल्याचा आडवा, गळ्याभोवती पुरता फिरलेला. पुढे आमच्या हद्दीत विहिरीकाठच्या एका बाभळीखाली, अकस्मात मृत्यूचा पंचनामा चालू असताना, त्या खाली वाकल्या आणि बराच वेळ त्या वळाकडे बघत राहिल्या. मग उठून ठाणेदार साहेबांच्या कानात काही बोलल्या. त्या अकस्मात मृत्यूचा पुढे खुनाचा गुन्हा झाला. म्हणून मी तुमच्या वर्गांना कधी नावं ठेवणार नाही. माणसाला घडवणारी जागा आहे ती. १५ सप्टेंबर १९४८ रोजी माउंट अबूला सुरू झालेली आणि १९७५ साली हैदराबादला आलेली ही संस्था. हेमंत करकरे आणि अशोक कामटे याच संस्थेत घडले, हे मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याच्या रात्रीनंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलिसाच्या मनावर कोरलेलं आहे.

या चौघांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारा एक माणूस होता. उस्ताद. त्यांनी प्राध्यापकांची नावं घेतली, मोठ्या पाहुण्यांच्या व्याख्यानांबद्दल सांगितलं, पण डोळ्यांत पाणी आलं ते उस्तादाबद्दल बोलताना. एकजण घोड्यावरून पडला, गुडघा फुटला, तर उस्ताद लांबून ओरडला, ‘साहब, पहले घोड़ा पकड़िए!’ घोडा धरून आणल्यावर मग त्याने स्वतःच्या हाताने गुडघ्याला पट्टी बांधली. हा उस्ताद दर्जाने कोण असतो? हवालदार, फौजदार, फार तर निरीक्षक. वर्षभराने तो याच मुलांना सॅल्यूट ठोकणार असतो. तरी मैदानावर त्याचा शब्द चालतो. देशातली सगळ्यात अवघड परीक्षा पास झालेली मुलं त्याच्या एका हाकेवर थांबतात, कारण कवायत त्याला येते आणि त्यांना येत नाही. अकादमीने हे मोकळ्या मनाने मान्य केलेलं आहे.

माझं सगळं म्हणणं एवढ्यातूनच निघतं. बंदूक कशी धरायची हे शिकवायला तुम्ही हवालदार दर्जाचा माणूस नेमता. फिर्याद कशी घ्यायची हे शिकवायला का नेमत नाही?

ठाणे अंमलदाराचं टेबल ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिते. दरवाजातून आत आलं की समोर दिसतं ते टेबल. त्यावर स्टेशन डायरी, वायरलेस सेट, फोन, शाईचं पॅड. खणात लॉकअपच्या किल्ल्या. पूर्वी फिर्याद हाताने लिहायचो, मध्ये कार्बन घालून. आता संगणकावर सीसीटीएनएस या पोलिसांच्या प्रणालीत भरतात. गार्ड बदलला, नोंद. आरोपी आत घेतला, नोंद. कोण किती वाजता बंदोबस्ताला निघाला, कोण परत आला, पोलीस पाटलाचा फोन आला, सगळ्याची वेळ घालून नोंद. साहेब राउंडला असोत की घरी झोपलेले, रात्री अडीच वाजता दारात उभ्या राहिलेल्या माणसासाठी भारत सरकार, राज्य शासन, राज्यघटना, जे काही म्हणाल ते सगळं म्हणजे त्या टेबलामागचा एक हवालदार असतो. तो जे ऐकेल तेवढंच कागदावर उतरतं. जे कागदावर उतरतं तेवढंच पुढे तपास अधिकाऱ्याला, सरकारी वकिलाला आणि न्यायाधीशाला दिसतं. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे. बरोबर आहे. पण ती माहिती दखलपात्र आहे की अदखलपात्र, हे पहिल्यांदा कोण ठरवतं? रात्री अडीचला तो हवालदारच ठरवतो.

इथे मला माझी एक चूक लिहिली पाहिजे. ती लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही.

१९९४ ची गोष्ट. मी मदतनीस होते. संध्याकाळी एक बाई आली, चाळिशीची असेल, डोक्यावरून पदर घेतलेला. नवऱ्याने मारलं म्हणाली. बाईमाणूस म्हणून अंमलदारांनी तिला माझ्याकडे पाठवलं. ती उभी, मी बसलेली. तेव्हा आमच्या ठाण्यात फिर्यादीसाठी खुर्ची नव्हती, भिंतीला एक बाकडं होतं आणि त्यावर बंदोबस्ताची हेल्मेटं ठेवलेली असायची. मी विचारलं, कशाने मारलं? म्हणाली, हाताने. शिवीगाळ केली का? केली. धमकी दिली? दिली. माझा हात आपोआप चालला: भारतीय दंड संहितेची कलमं ३२३, ५०४, ५०६. अदखलपात्र. आम्ही तिला एन.सी. म्हणतो. तिला समज दिली की कोर्टात जा. अंगठा घ्यायला पॅड पुढे सरकवलं तर तिने डावा हात पुढे केला. उजवा पदराखाली होता. मी बघितलं, पण विचारलं नाही. दहा मिनिटांत काम संपवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

चार दिवसांनी तिचा भाऊ तिला सरकारी दवाखान्यातून घेऊन आला. उजव्या मनगटाचं हाड मोडलेलं. म्हणजे ३२५, गंभीर दुखापत, दखलपात्र गुन्हा. पहिल्याच दिवशी गुन्हा नोंद झाला असता, तिला वैद्यकीय यादी देऊन त्याच रात्री दवाखान्यात पाठवता आलं असतं. मी तिला ‘हात दाखवा’ एवढं म्हटलं असतं तर. गुन्हा मग नोंदवला, कलमं बदलली, पण ते चार दिवस तिने मोडका हात घेऊन त्याच घरात काढले. मला कायदा येत होता. ३२३ आणि ३२५ मधला फरक मी प्रशिक्षणात पाठ केलेला होता. मला येत नव्हतं ते समोरच्या माणसाकडे बघणं, आणि ते कुठल्याच वर्गात कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मारहाणीची फिर्याद घेऊन आलेल्या एकाही बाईला मी हात, पाठ, डोकं पाहिल्याशिवाय सोडलं नाही. पण एका बाईच्या हाडाच्या किमतीवर मी ते शिकले. तुमच्या अधिकाऱ्यांना तसं शिकावं लागू नये, एवढंच मनात आहे.

आता एक चांगली गोष्ट सांगते.

२०१६ च्या पावसाळ्यात त्या चौघांपैकी एक प्रोबेशनर मॅडम आमच्याकडे होत्या. दुसऱ्या राज्यातल्या, केडर महाराष्ट्र मिळालेलं. मराठी त्यांनी मन लावून शिकलेली. वर्तमानपत्र वाचायच्या, अर्ज वाचायच्या, व्याकरण माझ्यापेक्षा शुद्ध. एका रात्री त्या स्वतःहून माझ्या टेबलाला बसल्या. म्हणाल्या, आज फिर्याद मी घेते, तुम्ही शेजारी बसा. साडेअकराच्या सुमाराला एक मुलगी आली, विशीतली, बरोबर आई. मुलगी बोलेना. आई म्हणाली, ‘शेजारचा पोरगा अंगचटीला आला हो.’ मॅडमनी विचारलं, कधी आला, कुठे आला, हातात काही होतं का. त्यांनी ऐकलं होतं ‘अंगावर आला’. म्हणजे धावून आला, हल्ल्याच्या बेतात आला. त्यांनी कच्च्या कागदावर ३५२ लिहिलं. ते अदखलपात्र.

मी त्यांच्या कोपराला हळूच हात लावला आणि कागदावर दोन शब्द एकाखाली एक लिहिले. अंगावर. अंगचटीला. पहिल्यात मारण्याचा बेत असतो. दुसऱ्यात पुरुष बाईच्या अंगाशी नको ती सलगी करतो. पहिल्याने ३५२ होतं, दुसऱ्याने ३५४, विनयभंग, दखलपात्र आणि अजामीनपात्र. मॅडम त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग पेन ठेवलं, उठल्या, स्वतः जाऊन मुलीसाठी पाणी आणलं, आईला बाहेर बसायला सांगितलं, आणि स्वतःची खुर्ची ओढून टेबलाच्या अलीकडे, मुलीच्या बाजूला घेतली. वीस मिनिटं काही विचारलं नाही. कुठल्या कॉलेजात जातेस, एस.टी. किती वाजता असते, एवढंच. मग मुलगी आपण होऊन बोलायला लागली, आणि निघालं ते आईला माहीत होतं त्याच्या कितीतरी पुढचं.

मॅडमनी ती फिर्याद मुलीच्या शब्दांत लिहिली. ‘सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले’ हे आमचं ठरलेलं वाक्य त्यांनी लिहिलं नाही. तिने जे सांगितलं तेच, तिच्याच बोलीत. वाचून दाखवली, सही घेतली, एक प्रत मोफत दिली, कारण कायद्याने ती द्यायचीच असते आणि आम्ही कितीतरी वेळा ती द्यायला विसरतो. पुढे त्या खटल्यात शिक्षा झाली. आज त्या मॅडम मोठ्या जागेवर आहेत. निवृत्तीच्या दिवशी मला त्यांचा फोन आला आणि पहिलं वाक्य होतं, ‘बाई, अंगावर आणि अंगचटीला.’

असे शब्द शेकड्याने आहेत. ‘त्याने मला टाकलंय’, ‘ती निघून गेली’, ‘पोरीला कुणी फूस लावली’, ‘घरात पाऊल ठेवू देत नाहीत’. प्रत्येकामागे एक कलम असतं नाहीतर कलमच नसतं, आणि कुठे काय आहे हे शब्दकोशात सापडत नाही. विदर्भातली बाई हेच वेगळ्या शब्दांत सांगेल, कोकणातली आणखी वेगळ्या. आमच्या सोलापुरात तर फिर्यादी अर्धं कन्नडमध्ये, नाहीतर तेलुगूत सांगतो आणि मराठीत सही करतो. तुमच्याकडे ज्याचं जे केडर त्याला त्या राज्याची भाषा शिकवतात, हे मला माहीत आहे आणि ते फार मोलाचं आहे. पण ठाण्यात येणारी भाषा ही रडणाऱ्या, घाबरलेल्या, प्यालेल्या, खोटं बोलणाऱ्या, लाजलेल्या माणसाची भाषा असते. ती २०-२५ वर्षं ऐकलेला माणूसच शिकवू शकतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे. प्रत्येक केडरमधून दोन-तीन अनुभवी ठाणे अंमलदार, त्यांत किमान एक बाई, नोकरीत असलेले किंवा नुकतेच निवृत्त झालेले, निवडून अकादमीत आणा. एखाद्या समारंभात सत्कार करायला नव्हे. त्यांना शिक्षकाची जागा द्या, मैदानावरच्या उस्तादाला असते तशी. एका खोलीत एक ठाणं मांडा. खरं टेबल, खरी स्टेशन डायरी, खरा वायरलेस. रात्री दोन वाजता प्रशिक्षणार्थ्याला झोपेतून उठवा आणि समोर फिर्यादी बसवा. हवालदार शेजारी बसेल आणि चुकलं की थांबवेल. पहाटे दौड लावता, तशी ही दौड रात्री लावा. जिल्हा प्रशिक्षणात ठाण्याचं काम शिकण्याचा भाग असतो, ते मी पाहिलेलं आहे. पण तिथे अधिकारी येतो तेव्हा खांद्यावर भापोसे लागलेलं असतं, सगळं ठाणं त्याला उभं राहून सलाम करतं, आणि त्याच्यासमोर चूक दाखवायची हिंमत कुणाची होत नाही. २०१६ ची मॅडम स्वतःहून टेबलाला बसली म्हणून ते घडलं. बाकीच्या तिघांपैकी दोघांनी रजिस्टरं चाळली, सह्या केल्या, आणि निघून गेले. दोष त्यांचा नव्हता. त्यांना कुणी बसवलंच नव्हतं.

यावर तुमच्या मनात काय येईल हे मला कळतं. जुन्या हवालदारांकडून मुलं वाईट सवयीही शिकतील. खरं आहे, शिकू शकतील. आमच्यात तक्रार टाळणारे आहेत. गुन्ह्याऐवजी साधा अर्ज घेऊन ‘चौकशीवर ठेवला’ म्हणणारे आहेत. लॉकअपमध्ये हात उचलणारे आहेत. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबतचे जे नियम घालून दिले, त्यांची पाटी ठाण्याच्या भिंतीवर असते आणि तिच्याच खाली ते मोडले जाताना मी पाहिले आहेत. याच महाराष्ट्रात, १९७२ साली, देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाची आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीवरून जबाब द्यायला आली होती, आणि जबाब झाल्यावर त्याच ठाण्याच्या आवारात तिच्यावर बलात्कार केल्याचा आरोप दोघा पोलिसांवर आला. उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, असं त्या निकालात म्हटलं होतं. तेव्हा कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. मी भरती झाले तेव्हा आमच्या महिला तुकडीला हे एका वयस्कर सरकारी वकिलांनी सांगितलं होतं. पत्र खुलं लिहावं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

म्हणून म्हणते, निवडून आणा. ज्याच्या टेबलाबद्दल गावात लोक चांगलं बोलतात त्यालाच आणा. असे हवालदार प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि प्रत्येक अधीक्षकाला त्यांची नावं माहीत असतात, कारण अवघड फिर्याद आली की त्यांनाच घरून बोलावतात.

आणि सगळा दोष खालच्यांवर ढकलू नका, ही कळकळीची विनंती. टेबलावर गुन्हा का टाळला जातो याचं एक मोठं कारण वरून येतं. दर महिन्याची क्राईम मीटिंग. भाग १ ते ५ च्या गुन्ह्यांत गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा किती वाढ? वाढ दिसली की ठाणेदार उभा, सगळ्यांसमोर त्याची हजेरी. तो संध्याकाळी ठाण्यात येतो आणि अंमलदाराला म्हणतो, बघून घेत जा जरा. ‘बघून घेत जा’ याचा अर्थ आम्हाला सांगावा लागत नाही. माझ्या एका वरिष्ठाने, नाव घेत नाही, मोटारसायकल चोरीची फिर्याद पंधरा दिवस ‘गहाळ’ म्हणून ठेवायला लावली होती, आकडा पुढच्या महिन्यात जावा म्हणून. तो शेतकरी रोज सकाळी यायचा आणि मला विचारायचा, बाई, आज लिहिणार का? तुमच्याकडे आज वर्गात बसलेली मुलं सात-आठ वर्षांत कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याची अधीक्षक होतील. त्या मीटिंगमधल्या मोठ्या खुर्चीत तेच बसतील. नोंदलेले गुन्हे वाढले म्हणजे गुन्हेगारी वाढली असं नाही, लोकांना ठाण्यात यावंसं वाटू लागलं असंही असू शकतं, हे त्यांनी टेबलाला बसून स्वतः पाहिलेलं असेल, तर ते ठाणेदाराला वेगळा प्रश्न विचारतील.

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा २००६ सालचा निकाल आला तेव्हापासून पोलीस सुधारणा म्हटलं की बहुतेक चर्चा नेमणुका आणि बदल्यांची होते. महासंचालक कसा निवडायचा, किती वर्षं ठेवायचा. ती व्हायलाच हवी. पण सामान्य माणूस आयुष्यात कधी महासंचालकांना भेटत नाही. त्याची गाठ टेबलाशी पडते.

अजून एक लहान वाटणारी गोष्ट आहे, आमच्या भाषेची आहे म्हणून लिहिते. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असतं. तुमचा प्रशिक्षणार्थी मराठी शिकतो तेव्हा व्याकरणात दोन्ही शिकतो. ठाण्यात आल्यावर त्याला ऐकू येतं की साहेबलोक ५५ वर्षांच्या हवालदाराला ‘अरे, तू’ म्हणतात, आणि तो हवालदार मग समोरच्या फिर्यादीला ‘ए, तू काय सांगतोस’ म्हणतो. वरून आलेला ‘तू’ खाली उतरत जातो. माझ्या वडिलांच्या वयाच्या एका जमादाराला पंचविशीतल्या अधिकाऱ्याने सगळ्या हजेरीसमोर ‘तुला अक्कल आहे का’ म्हटलेलं मी ऐकलं आहे. जमादार काही बोलले नाहीत. हजेरी मेजरने वाटून दिलेली ड्युटी घेतली आणि चालते झाले. त्या दिवशी गावातल्या ज्या कुणाची त्यांच्याशी गाठ पडली असेल, त्याच्याशी ते कसे वागले असतील याचा विचार मी अजून करते.

पण आमच्याच जिल्ह्यात वर्षातून काही दिवस हे सगळं उलटतं. आषाढी वारी. पंढरपुरात लाखो माणसं, चंद्रभागेच्या घाटावर पाय ठेवायला जागा नाही, आणि बंदोबस्ताला राज्यभरातून आलेले पोलीस. त्या दिवसांत पोलीस सगळ्यांना एकच हाक मारतो, ‘माऊली’. माऊली पुढे चला, माऊली मुलाचा हात सोडू नका. तोच हवालदार, तीच १६ तासांची उभी ड्युटी, सुजलेले पाय. आमच्या चार प्रोबेशनरांपैकी एक साहेब हरवलेल्यांच्या कक्षात होते. एका म्हातारीला स्वतःच्या गावाचं नाव सांगता येईना, फक्त ‘आमच्या दिंडीत पिवळा झेंडा’ म्हणायची. साहेबांनी तिच्याशेजारी जमिनीवर बसून तासभर गप्पा मारल्या, कुठल्या पिकाला पाणी कमी पडलं, नातवाचं नाव काय, जवळच्या बाजाराचा वार कुठला. बाजाराच्या वारावरून तालुका सापडला आणि संध्याकाळपर्यंत दिंडीही. फिर्याद घेण्याचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही. त्या साहेबांना तेव्हा मराठीत ‘तू’ म्हणायची सवय लागलेली नव्हती. पुढे लागली का, माहीत नाही. लागली नसावी अशी आशा करते.

२०१४ साली अरुणा बहुगुणा तुमच्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या तेव्हा आम्ही बायका-पोलिसांनी ठाण्यात पेढे वाटले होते. १९७२ साली किरण बेदी अबूच्या मैदानावर आपल्या तुकडीत एकट्याच बाई होत्या. तिथपासून तिथपर्यंत ही संस्था बदलत आलेली आहे. १ जुलै २०२४ पासून तर तीन नवे कायदे लागू झाले. माझी पाठ असलेली ३२३, ३२५, ३५४ ही कलमं आता भारतीय न्याय संहितेत वेगळ्या आकड्यांनी आहेत, फिर्याद ऑनलाइन देता येते, हद्द नसली तरी गुन्हा घ्यावाच लागतो. कलमं मला नव्याने शिकावी लागतील आणि मी शिकेन. पण पदराखाली लपवलेला हात कुठल्याही कायद्यात तसाच राहणार आहे, तो ओळखायला कसं शिकवायचं हे मला माहीत आहे.

सोलापूरहून रात्रीची गाडी धरली की सकाळी हैदराबादला पोचता येतं. तिकिटाचं मी बघेन, मानधन नको. राहायला उस्ताद लोक राहतात तिथेच जागा चालेल. शिकवायच्या खोलीत फार सामान लागणार नाही. एक टेबल, एक कोरी स्टेशन डायरी, पाण्याचा तांब्या. आणि खुर्च्या मात्र तीन लागतील: एक प्रशिक्षणार्थ्याला, एक मला, आणि तिसरी फिर्यादीला. ती आधी मांडून ठेवायला सांगा, मगच मी सुरू करेन.

आपली,
एक निवृत्त सहायक फौजदार,
सोलापूर जिल्हा